आई, आता कारण शोधू नकोस

लोकमान्यनगर, इंदूर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, फोनवर तू रडायला लागलीस की माझं सांगायचं राहूनच जातं, म्हणून लिहिते. बाबा, तुम्ही तिला मोठ्यानं वाचून दाखवा. तिचा चष्मा काही वेळेवर सापडणार नाही.

दुर्बिणीतून पाहिलं तेव्हा कळलं, की उजवी नळी आणि ओव्हरी एकमेकींना चिकटल्यात, आणि गर्भाशयाच्या मागे आतडंही धरलंय. मूल राहावं म्हणून गर्भाशयातल्या फायब्रॉइडच्या गाठी काढल्या, त्याच ऑपरेशनचा हा परिणाम. पोटातल्या अवयवांवर पातळ अस्तर असतं. त्याला जखम झाली की भरून येताना फायब्रिनचा, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या तंतूंचा, चिकट थर धरतो. एरवी तो काही दिवसांत विरघळतो. नाही विरघळला, तर त्यात तंतू भरतात आणि शेजारचे अवयव सांधले जातात. पोट उघडून केलेल्या ऑपरेशननंतर हे पुष्कळ जणींना कमी-जास्त होतंच. सोनोग्राफीत सहसा दिसत नाही, म्हणून माझे रिपोर्ट चांगलेच येत राहिले.

तेव्हा मी लवकर स्कूटी चालवली, तू माझ्याजवळ राहायला आली नाहीस, हे सगळं सोड. डिंकाचे लाडू पाठव, आवडीनं खाईन. औषध म्हणून नको. आणि मावशीला सांग, माझी बेंबी सरकलेली नाही. लष्कर भागातल्या त्या बाईंकडून पोट चोळून घ्यायला मी ग्वाल्हेरला येणार नाही.

बाबा, पुन्हा ऑपरेशन का नको, हे तुमचं विचारणं रास्त आहे. सहज सुटण्यासारखं होतं ते त्याच वेळी सोडवलंय. उरलेलं आतड्याला धरून आहे. ते सोडवताना आतड्याला इजा व्हायची भीती. शिवाय सोडवलं की तिथे नवी जखम, आणि परत चिकटायची शक्यता. मध्ये विरघळणारं जाळीदार कापड ठेवतात, त्यानं कमी होतं, टळतंच असं नाही. दुखणं सध्या सोसण्याजोगं आहे. म्हणून आम्ही दोघांनी आयव्हीएफचं ठरवलंय. त्यात ओव्हरीतून सुईनं बीज काढतात आणि तयार झालेला गर्भ थेट गर्भाशयात सोडतात, नळीचं कामच पडत नाही. यश येईलच असं डॉक्टर म्हणत नाहीत, मीही म्हणत नाही.

गणपतीला येईन तेव्हासाठी एक लक्षात ठेवा. पोट फुगलं, उलट्या सुरू झाल्या आणि वारा सरेना, तर हिंगाचं पाणी देत बसू नका, लगेच दवाखान्यात न्या. अशा चिकटण्यानं क्वचित आतडं अडकतं.

आत्याला यातलं काही कळवू नका. विचारलंच तर नोकरीची धावपळ सांगा.

तुमची,
चिमी