सायलीला पत्र

पलूस, जि. सांगली

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर रडवेली झाली होतीस. शरीरातली एकेक संस्था पाठ होते, पण पेपर समोर आला की सगळं एकमेकांत मिसळतं, म्हणालीस. अगं, शरीरात ते मिसळलेलंच असतं. शिकवायला सोपं जावं म्हणून पुस्तकात प्रकरणं पाडतात. मीही वर्गात तेच करते. तू एक गोष्ट धर आणि ती कुठून कुठे जाते ते शेवटपर्यंत बघ.

सध्या मळ्यात ऊसतोड चालू आहे. दुपारी टोळी सावलीला बसली की एका दादांच्या निळ्या शर्टावर, पाठीवर, पांढरे पट्टे दिसतात. घामातलं पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. एवढ्या उन्हात कोयता चालवताना तासाला लिटरभर घाम सहज जातो. तेच पाणी धर. रक्तातलं पाणी कमी झालं, क्षारांचं प्रमाण वाढलं, की मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला ते लगेच कळतं. तहान लागते आणि पीयूषिका ग्रंथीतून एडीएच हे पाणी राखायला लावणारं संप्रेरक रक्तात येतं. त्याच्यामुळे मूत्रपिंडातल्या संग्राहक नलिका जास्त पाणी परत शोषून घेतात. म्हणून अशा वेळी लघवी थोडी आणि गडद पिवळी होते.

मूत्रपिंडावर तर माझा फार जीव आहे. हृदय मिनिटाला साधारण 5 लिटर रक्त ढकलतं, त्यातलं लिटरभराहून जास्त एकट्या या जोडीकडे जातं. दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळला जातो आणि बाहेर पडतो जेमतेम दीड-दोन लिटर. लोक गाळण्याचं कौतुक करतात. मला परत घेण्याचं काम जास्त मोठं वाटतं.

आणि रक्तदाब उतरला तर? मूत्रपिंडातून रेनिन नावाचं विकर सुटतं. ते ज्या प्रथिनावर काम करतं ते यकृतात बनलेलं असतं. त्यातून अँजिओटेन्सिन-1 होतं, त्याचं अँजिओटेन्सिन-2 मुख्यतः फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत होतं. त्याने रक्तवाहिन्या आवळतात, आणि मूत्रपिंडांवर बसलेली अधिवृक्क ग्रंथी अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक सोडून सोडियम राखायला लावते. आता हे कुठल्या प्रकरणात घालशील? उत्सर्जन, पचन, श्वसन, अंतःस्राव, सगळीच आली की. ही साखळी कागदावर बाण काढून एकदा स्वतः लिही, पाठ करावी लागणार नाही.

टोळीतल्या बायकांना मी मीठ-साखरेचं पाणी करून देते: लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचाच, हे त्यांनाही बजावते. साखर चवीपुरती नसते. लहान आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीनेच आत घेतले जातात आणि त्यांच्यामागे पाणी जातं. तोंडी परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो.

आता रागावू नकोस. वॉर्डपासून बाथरूम लांब आहे म्हणून तू ड्युटीवर पाणीच पीत नाहीस, असं तुझ्या मैत्रिणीकडून कळलं. बायकांचा मूत्रमार्ग आखूड असतो, जंतू वर चढायला वेळ लागत नाही, हे तुला मी सांगायला नको. बाटली जवळ ठेव आणि लघवी रोखून धरू नकोस. बाई ओरडल्या तर ओरडू देत.

बाबा रविवारी पुण्याला येताहेत. त्यांच्याबरोबर तासगावचे बेदाणे आणि तुझी जुनी वही पाठवते.

तुझी,
आई