एका परिच्छेदात एकच मुद्दा

नाशिक, गंगापूर रोड

चि. मृण्मयीस अनेक आशीर्वाद.

अवकाळी पाऊस आणि द्राक्षशेती या विषयावरचा तुझा इंग्रजी निबंध वाचला. व्याकरण चांगलं आहे. अडतंय ते परिच्छेदांच्या बांधणीत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुझा दुसरा परिच्छेद घे. पहिलं वाक्य आहे, ‘नाशिक जिल्हा द्राक्षांसाठी प्रसिद्ध आहे.’ पुढे भौगोलिक मानांकन, मग पाऊस, मग शेतकऱ्याचं कर्ज, शेवटी वाइनरी. सगळं खरं आहे, पण परिच्छेद विस्कटला. कारण पहिल्या वाक्यात कसलाच दावा नाही. प्रसिद्धी कुणी नाकारत नाही, त्यामुळे सिद्ध करायला काही उरत नाही आणि नाशिक-द्राक्ष म्हटलं की आठवेल ते आत शिरतं. टॉपिक सेंटेन्समध्ये, म्हणजे परिच्छेदाचा मुद्दा मांडणाऱ्या वाक्यात, विषय हवा आणि त्याबद्दल तुझं म्हणणंही हवं.

आता हे वाक्य बघ: ‘अवकाळी पावसाने किती नुकसान होणार, हे पाऊस किती पडला यापेक्षा बाग कोणत्या अवस्थेत आहे यावर जास्त ठरतं.’ यावर वाचक लगेच विचारतो, ते कसं? पुढची वाक्यं त्याचंच उत्तर देतील. सटाण्याकडे लवकर भाव मिळावा म्हणून आगाप, म्हणजे हंगामाच्या आधीच, छाटणी करतात, त्यामुळे नोव्हेंबरात तिथले मणी पिकायला आलेले असतात. अशा मण्यांत पावसाचं पाणी शिरलं की ते तडकतात. त्याच सुमारास निफाड-दिंडोरीत ऑक्टोबर छाटणीच्या बागा फुलोऱ्याकडे आलेल्या असतात. तिथे तडकायला मणीच नसतात, मात्र घड कुजतात, गळतात आणि डावणी या बुरशीजन्य रोगाचा धोका वाढतो. पाऊस एकच, नुकसान दोन तऱ्हांचं. या परिच्छेदात वाइनरीला जागा नाही, मानांकनालाही नाही. कर्जाचा मुद्दा महत्त्वाचा आहे, त्याला स्वतंत्र परिच्छेद दे.

नको असलेलं वाक्य ओळखायचं कसं? प्रत्येक वाक्य टॉपिक सेंटेन्सशेजारी ठेव आणि विचार, हे त्याचं कारण आहे, पुरावा आहे, उदाहरण आहे की खुलासा? चारांपैकी काहीच नसेल तर काढ, कितीही छान असलं तरी. आपल्याकडे निबंध फुलवायला शिकवतात, म्हणून काढताना जीवावर येतं. तरी काढच.

वाक्यं एकमेकांना जोडायला तू सगळीकडे ‘मोरओव्हर’ आणि ‘देअरफोर’ वापरलंस. कारण आधी दिलेलं नसेल तर ‘देअरफोर’ लिहून ते निर्माण होत नाही. खरा सांधा असा: आधीचं वाक्य जिथे संपलं, तिथली गोष्ट पुढच्याच्या सुरुवातीला घे. वर ‘मणी पिकायला आलेले’ म्हटल्यावर पुढचं वाक्य ‘अशा मण्यांत’ असं सुरू होतं, ते पाहा. नुसतं ‘धिस’ मात्र मोकळं सोडू नकोस. ‘धिस लॉस’, ‘धिस डिले’ असं नाम जोड, नाहीतर कशाबद्दल बोलतेस ते कळत नाही.

परिच्छेद साधारण 100 ते 200 शब्दांचा ठेव. दोन वाक्यांतच आटोपला तर पुरावा कमी पडला असेल, पान भरून वाहिला तर बहुधा दोन मुद्दे एकत्र झाले असतील. दुसऱ्याचं अवतरण दिल्यावर तिथेच थांबू नकोस, त्यातून तुझ्या मुद्द्याला काय मिळालं ते पुढच्याच वाक्यात लिही.

अख्ख्या निबंधालाही हाच नियम. 1500 शब्दांत प्रस्तावनेला दीडशेच्या आसपास पुरेत. ‘प्राचीन काळापासून मानव’ हे पहिलं वाक्य खोड, थेट बागेवर ये. प्रस्तावनेच्या शेवटी थिसिस, म्हणजे निबंधाचं मुख्य म्हणणं, एका वाक्यात सांग आणि प्रत्येक टॉपिक सेंटेन्स त्या थिसिसचा एकेक भाग उचलतंय का ते बघ. समारोपात नवा पुरावा आणू नकोस.

पुन्हा लिहायला बसण्याआधी एक काम कर. या मसुद्याच्या समासात प्रत्येक परिच्छेद काय सांगतो ते पाच-सहा शब्दांत लिही. विषय नको, म्हणणं लिही. लिहिताना ‘आणि’ घालावा लागला तर तो परिच्छेद फोड. दोन ठिकाणी तेच आलं तर एकत्र कर. मग फक्त समासातल्या ओळी वरून खाली वाच. ओळींचा क्रम बदलूनही काही बिघडत नसेल, तर तुझा युक्तिवाद अजून पुढे सरकत नाही. अशा वेळी आधी ओळींचा क्रम लाव, परिच्छेद नंतर.

त्या ओळींचा फोटो रविवारपर्यंत पाठव. निबंध नंतर पाठवलास तरी चालेल.

तुझी,
आई