‘काही नाही’ म्हणणाऱ्या लेकीस

सातारा,
गुरुवार रात्र

चि. मनू,

अनेक आशीर्वाद.

फोन दोनदा हातात घेतला आणि ठेवून दिला. जे सांगायचंय ते फोनवर नीट निघणार नाही, म्हणून लिहायला बसलोय. तुझी आई झोपली आहे.

तुझ्या खोलीतल्या कपाटात, वरच्या फळीवर, शेक्सपियरचं, विंदा करंदीकरांनी भाषांतर केलेलं ‘राजा लिअर’ हे नाटक सापडलं. तू बी. ए. ला असताना घेतलेलं. बांधणी सैल झाली आहे, मध्ये खुणेला एस. टी. चं तिकीट आहे, आणि पानापानावर तुझ्या पेन्सिलीच्या रेघा. भाऊबीजेनंतर आपण धड बोललो नाही, त्या दिवसांत मी ते दोनदा वाचलं. मग वाचनालयातून त्या नाटकावरची आणखी दोन पुस्तकं आणली. बँकेत छत्तीस वर्षं आकडे मांडले, नाटक असं कधी वाचलं नव्हतं. कुठे थांबायचं ते तुझ्या रेघांनी दाखवलं.

भाऊबीजेला काय झालं ते तुला माहीत आहे, तरी माझ्या हाताने लिहितो. जेवणं झाल्यावर मी बक्षीसपत्राचा मसुदा काढला. घर दादाच्या नावे, गावाकडची जमीन तुझ्या नावे. आणि मामा-मामी बसलेले असताना, सगळ्यांदेखत विचारलं, “आता सांगा, आमचं म्हातारपण कोण कसं बघणार?” दादा म्हणाला, तळहाताच्या फोडासारखं जपू. वहिनीचे डोळे भरून आले. तू म्हणालीस, “बाबा, मला यातलं काही नको. आणि तुम्हीही आत्ता काही लिहून देऊ नका. मला जमेल तेवढं मी करीन. पण उद्या माझंही घर असेल, तिथेही मला पुरावं लागेल.” माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी जे बोललो ते इथे परत लिहीत नाही. तू ओवाळणीची पाकिटं देवापुढे ठेवलीस आणि संध्याकाळच्या गाडीने गेलीस.

आता पुस्तकाचं पहिलं पान बघ. लिअरने राज्याचे तीन भाग करून ठेवले आहेत. नकाशा तयार आहे. कोणाला किती हे त्याचं आधीच ठरलंय. दोन जावयांच्या वाटण्या तंतोतंत सारख्या आहेत, हे नाटकाच्या पहिल्याच संवादात दरबारी एकमेकांना सांगतात. सगळ्यांत समृद्ध तिसरा वाटा धाकट्या कॉर्डेलियासाठी राखलाय, आणि म्हातारपणी राहायचंही तिच्याकडेच असं त्याच्या मनात आहे. मग तो मुलींना विचारतो कशाला, की तुमच्यापैकी माझ्यावर सगळ्यांत जास्त प्रेम कोणाचं? हिशोब तर झालेला आहे. त्याला फक्त सगळ्यांदेखत ऐकायचंय. हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. माझा मसुदाही तयारच होता ना.

थोरली गॉनेरिल म्हणते, डोळ्यांपेक्षा, मोकळ्या श्वासापेक्षा तुम्ही मला प्रिय. मधली रेगन म्हणते, ही कमीच बोलली. कॉर्डेलियाची पाळी येते तेव्हा ती म्हणते, “काही नाही, महाराज.” बाप विचारतो, काही नाही? ती म्हणते, काही नाही. मग तिला बोलतं केल्यावर सांगते की नात्याला धरून जेवढं प्रेम असावं तेवढं माझं आहे, जास्त नाही, कमी नाही. लग्न करीन तेव्हा माझं अर्धं प्रेम, अर्धी काळजी त्या माणसाबरोबर जाईल. तू बी. ए. ला असताना या ओळींखाली दोन रेघा मारल्यास. मी त्या परवा पाहिल्या.

आणखी एक गोष्ट, जी तुला कदाचित वर्गात सांगितली असेल, पण मला ती आपली आपण सापडली. पुढच्याच प्रवेशात ग्लॉस्टर नावाचा दुसरा बाप आहे. त्याचा अनौरस मुलगा एडमंड एक पत्र घाईघाईने खिशात लपवतो. बाप विचारतो, काय वाचत होतास? एडमंड म्हणतो, “काही नाही, महाराज.” तेच शब्द! ते पत्र त्याने स्वतःच लिहिलंय, सावत्र भाऊ एडगरच्या नावाने. त्यात लिहिलंय की म्हातारा डोळे मिटेल तर त्याचं निम्मं उत्पन्न तुझं. ग्लॉस्टर म्हणतो, दाखव, काही नसेलच तर मला चष्मा लागायचा नाही. आणि वाचून थोरल्या एडगरच्या जिवावर उठतो. एका बापाने खरं ‘काही नाही’ ऐकलं आणि मुलीला घालवलं, दुसऱ्याने खोटं ‘काही नाही’ ऐकलं आणि मुलाला घालवलं. ग्लॉस्टरचे पुढे खरोखरच डोळे काढले जातात. तेवढं होईपर्यंत त्याला दिसत नाही.

गॉनेरिलबद्दल मात्र माझं मत लोकांपेक्षा वेगळं आहे, ते दादासाठीही लिहितोय. राज्य दिल्यावर लिअर शंभर सरदार घेऊन महिना महिना एकेका मुलीकडे राहणार असं ठरतं. गॉनेरिलची पहिली तक्रार मला खोटी वाटत नाही. शंभर माणसं घरात दंगा करणार, बाप तिच्या माणसाला मारणार, आणि एवढं सगळं निमूट सोसायचं तिने. त्यावर बाप तिला जो शाप देतो, तुझी कूस कधी उजवू नये असा, तो कुठल्याही बापाच्या तोंडी शोभत नाही. ती आणि रेगन पुढे जे करतात ते भयंकर आहे. पण सुरुवातीला ती एक घर चालवणारी बाई आहे. मुलाने गोड शब्द बोलले म्हणून तो खोटा, असं मी दादाबद्दल मनात आणत नाहीये, आणि तूही आणू नकोस. त्याला मी विचारलं तेच चुकीचं. त्याने बापाला सगळ्यांदेखत दुसरं काय उत्तर द्यावं?

सरदारांचा हिशोब मात्र वाचवत नाही. गॉनेरिल शंभराचे पन्नास करते. लिअर रागावून रेगनकडे जातो, ती म्हणते पंचवीसच आणा. तेव्हा हा म्हातारा गॉनेरिलकडे वळून म्हणतो, तुझे पन्नास म्हणजे हिच्या पंचवीसाच्या दुप्पट, म्हणजे तुझं प्रेम हिच्या दुप्पट. मनू, ऐंशी उलटलेला माणूस अजूनही मोजतोच आहे. आणि मुलींनीही मोजायचं त्याच्याकडूनच शिकलंय. गॉनेरिल विचारते, पंचवीस तरी कशाला, दहा कशाला, पाच कशाला? रेगन म्हणते, एक तरी कशाला? यानंतर तो वादळात बाहेर पडतो आणि त्याच्यामागे दरवाजे लावून घेतले जातात.

आपल्याकडे शिरवाडकरांनी हे दुःख १९७० साली ‘नटसम्राट’मध्ये आणलं. श्रीराम लागूंचं काम मी तरुणपणी पाहिलं होतं आणि घरी येईपर्यंत कोणाशी बोललो नव्हतो. पण तिथे मुलगा आणि मुलगी दोघंच आहेत, कॉर्डेलिया नाही. आप्पासाहेबांसोबत कावेरी आहे. मी इतकी वर्षं हे नाटक म्हणजे मुलांनी आईबापांना टाकल्याची गोष्ट असंच समजत होतो. मूळ लिअर वाचल्यावर कळलं, आधी बापाने मुलीला टाकलंय.

आणि त्याच्याशी शेवटपर्यंत इमान राखणारे कोण, तर ज्यांनी ज्यांनी त्याला नाही म्हटलं ते. केंट नावाचा सरदार पहिल्याच प्रवेशात राजाला तोंडावर सांगतो की नीट बघा, आणि हद्दपार होतो. मग वेश पालटून त्याचाच नोकर म्हणून परत येतो, त्याच्यासाठी पाय खोड्यात अडकवून घेतो. विदूषक रोज टोचून बोलतो, आणि वादळात तोच बरोबर असतो. तिकडे ग्लॉस्टरने घालवलेला एडगरही वेड्या भिकाऱ्याच्या वेशात त्याच आंधळ्या बापाचा हात धरून डोव्हरपर्यंत चालतो.

तुझी सगळ्यांत जाड रेघ मात्र एका निनावी नोकराखाली आहे. रेगनचा नवरा कॉर्नवॉल ग्लॉस्टरचा एक डोळा काढतो, तेव्हा त्याचाच एक नोकर पुढे होतो. म्हणतो, लहानपणापासून तुमची चाकरी केली, पण आत्ता थांबा म्हणतोय याहून चांगली चाकरी कधी केली नाही. तलवार उपसतो. रेगन त्याला मारते. पण त्याने केलेल्या जखमेने कॉर्नवॉलही मरतो. त्या माणसाला नाटकात नाव नाही, चार-सहा वाक्यं आहेत. १६०८ सालच्या छापील प्रतीत यानंतर आणखी दोन नोकर बोलतात. एक म्हणतो, म्हाताऱ्याच्या रक्ताळलेल्या चेहऱ्याला जवसाचे तंतू आणि अंड्याचा पांढरा बलक आणून लावतो. १६२३ साली शेक्सपियरची नाटकं एकत्र छापली, त्या ग्रंथात हे संवाद गाळलेत. का गाळावेत? मला ते अख्ख्या नाटकात सर्वात मायेचे वाटले.

तू समासात लिहिलंयस, “हेच खरं इमान?” प्रश्नचिन्ह घालून. एकोणीस वर्षांची होतीस.

वाचताना कळलं की ही गोष्ट शेक्सपियरने नव्याने रचलेली नाही. १६०५ साली लेखकाचं नाव नसलेलं एक लिअरचं नाटक छापलं होतं, त्यात राजाला राज्य परत मिळतं आणि मुलगीही जगते. त्याच्या दोनच वर्षं आधी, १६०३ मध्ये, केंट परगण्यातल्या ब्रायन अ‍ॅनस्ली नावाच्या म्हाताऱ्याला त्याच्या थोरल्या मुलीने वेडा ठरवून मालमत्ता ताब्यात घ्यायचा प्रयत्न केला, आणि धाकटी आडवी आली. धाकटीचं नाव कॉर्डेल. शेक्सपियरच्या कानावर हे आलं असावं असा अभ्यासकांचा अंदाज आहे. १६०६ च्या २६ डिसेंबरला त्याने आपलं नाटक पहिल्या जेम्स राजासमोर करून दाखवलं, आणि त्यात कॉर्डेलियाला तुरुंगात फास बसतो.

लोकांना ते सोसलं नाही. नेहम टेट नावाच्या माणसाने १६८१ साली शेवट बदलला, कॉर्डेलियाचं एडगरशी लग्न लावलं, लिअरला गादी दिली, आणि पुढे जवळजवळ दीडशे वर्षं इंग्लंडच्या रंगभूमीवर तेच चाललं. अठराव्या शतकातल्या डॉक्टर जॉन्सनसारखा खमका समीक्षक लिहून गेला की कॉर्डेलियाच्या मरणाचा मला इतका धक्का बसला की संपादनासाठी वाचावं लागेपर्यंत शेवटचे प्रवेश पुन्हा वाचायचं धाडस झालं नाही. मला त्या प्रेक्षकांचा राग येत नाही. मीही मुलीचा बाप आहे. लिअर तिला हातांत घेऊन येतो आणि ओठांशी आरसा धरायला मागतो, धुकं धरतंय का बघायला. मग कोणालातरी म्हणतो, हे एवढं बटण सोडता का. राजा होता, आणि आता बटणासाठी विनंती करतोय. तिथे तुझी रेघ नाही. पान जरा फुगलेलं आहे, पाणी पडल्यासारखं.

पण मी अडकलो त्याच्या आधीच्या प्रवेशात. लिअर झोपेतून जागा होतो, अंगावर स्वच्छ कपडे आहेत, समोर कॉर्डेलिया. त्याला वाटतं हिच्याजवळ विष असेल. म्हणतो, दे, पितो मी. तुझ्या बहिणींना कारण नव्हतं, तुला आहे. आणि ती म्हणते, “काही कारण नाही, काही कारण नाही.”

मनू, तुझा स्वभाव मला माहीत आहे. हे पत्र वाचून तूही असंच म्हणशील. म्हणशील, जाऊ दे हो बाबा. तसं म्हणू नकोस. तुला कारण आहे. सणाला घरी आलेल्या लेकीला मी भरल्या घरात सगळ्यांदेखत बोललो, आणि तू दिलेलं उत्तर खरं होतं म्हणून बोललो. लिअरला त्याच्या मुलीने इतक्या सहज सोडलं, आणि पुढे त्या दोघांना वेळच मिळाला नाही. आपल्याला आहे. तुला भांडायचं असेल तर भांड.

मंगळवारी वकिलांकडे गेलो होतो. ते म्हणाले, द्यायचंच असेल तर सांभाळ करण्याची अट कागदात लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात कलम २३ आहे, अट पाळली नाही तर दिलेलं रद्द करून घेता येतं. चांगला कायदा आहे, ज्यांच्यावर वेळ येते त्यांना आधार आहे. मी मसुदा मात्र परत घेऊन आलो. दादाला काल समोर बसवून सांगितलं की घर आत्ता कोणाच्याच नावे होणार नाही, आम्ही दोघं असेपर्यंत आमच्याच नावे राहील, आणि माझ्या त्या प्रश्नाचं उत्तर मला कोणाकडूनच नको. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “बाबा, मनूला फोन केलात का?” त्याचा चेहरा सुटल्यासारखा वाटला.

तुझं पुस्तक बांधायला दिलंय. बाईंडर म्हणाला, पुट्ठा नवा घालतो, कडा थोड्या कापाव्या लागतील. कडा कापू नका म्हणून सांगितलं, समासात लिहिलेलं जाईल. शनिवारी मिळेल. त्या दिवशी येता आलं तर दुपारची गाडी घे, मी स्टँडवर येतो.

तुझा,
बाबा

ता. क. ओवाळणीची दोन्ही पाकिटं अजून देवापुढेच आहेत. दादा उचलू देत नाही. म्हणतो, तिनेच येऊन उचलायची.