लंडनला जाते आहेस तर क्रिस्टिनाला भेट

दांडिया बाजार, बडोदा

प्रिय शुभा,

लेकीकडे लंडनला निघालीस, हे वाचून फार आनंद झाला. एक हट्ट आहे माझा. नॅशनल गॅलरीत हान्स होल्बाइनने काढलेली डेन्मार्कची क्रिस्टिना आहे, तिला भेटल्याशिवाय येऊ नकोस.

होल्बाइन इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचा दरबारी चित्रकार. १५३७ मध्ये हेन्रीची तिसरी राणी बाळंतपणानंतर वारली आणि नवी स्थळं बघणं सुरू झालं. क्रिस्टिना मिलानच्या ड्यूकची विधवा, वय अवघं सोळा. ब्रसेल्सला मावशीजवळ राहायची. १२ मार्च १५३८ ला दुपारी एक ते चार ती होल्बाइनसमोर उभी राहिली. त्या तीन तासांतल्या रेखाटनावरून त्याने पुढे हे तैलचित्र केलं.

स्थळाला पाठवायचा फोटो आपल्याकडे कसा असतो, तुला ठाऊक आहे. शालू, दागिने, मान किंचित कललेली. इथे ती पायघोळ काळ्या सुतकी कपड्यांत आहे. मागे निळसर हिरवी भिंत, तिच्यावर सावली. उघडे फक्त चेहरा आणि हात. एका बोटात लाल खड्याची अंगठी. ते हात! हातमोजे सैलसर धरलेत, पण बोटं इतकी जिवंत, की चेहऱ्याआधी मी तिथेच थांबते. ती सरळ आपल्याकडे बघते. कोणाला आवडून घ्यायची धडपड त्या नजरेत नाही, आणि होल्बाइनने ती आपल्या पदरची घातली नाही. राजाच्या पगारी माणसाने एवढं करावं, याचं मला फार मोल वाटतं.

इथे राजवाड्याच्या आवारातल्या फत्तेसिंग संग्रहालयात रविवर्म्याची चित्रं बघताना रेशीम आणि मोत्यांवरून नजर हलत नाही. तेही मला प्रियच. पण क्रिस्टिनाजवळ दागिन्यांचा आधार नाही, म्हणून तिचं माणूसपण थेट भिडतं.

हेन्री चित्रावर इतका खूश झाला, की दिवसभर वादकांना वाजवत बसवलं म्हणे. लग्न मात्र जमलं नाही. त्याची पहिली राणी कॅथरीन क्रिस्टिनाच्या आजीची सख्खी बहीण, त्यात युरोपचं राजकारण फिरलं. १५४१ मध्ये तिने लोरेनच्या राजपुत्राशी लग्न केलं. चित्र हेन्रीने ठेवून घेतलं.

मी ते छापील पुस्तकांतूनच पाहिलंय. मूळ चित्र जवळजवळ सहा फूट उंच आहे, म्हणजे ती तुझ्याएवढीच होऊन समोर येईल. गॅलरीला तिकीट नाही, तेव्हा दोनदा जा. बोटांवरचा रंग जवळून कसा दिसतो ते सविस्तर लिही, आणि लेकीलाही सोबत ने.

तुझी,
मंदा