उपसलेली वाळू पुळणीलाच द्या

कोकणातील खाड्यांच्या मुखाशी साचलेला गाळ उपसण्याविषयीची बातमी वाचली. उपसा हवाच. आंजर्ल्यासारख्या खाडीत सुकतीला होड्या भरतीची वाट पाहत बाहेरच थांबतात, तांडेल (होडीचा प्रमुख) बांबू बुडवून पाणी मोजतो. मात्र निघालेली चांगली वाळू लिलावात जाऊ नये. पावसाळी लाटा पुळणीची, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूच्या पट्ट्याची, वाळू समुद्रात ओढतात, दिवाळीनंतर शांत समुद्र ती बरीचशी परत आणतो. या फेऱ्यातली वाळू ट्रकने बाहेर गेली की पुळण खंगते, सुरूच्या झाडांची मुळे उघडी पडतात आणि आपण दगडी बंधारा मागतो (तोही सरकारी खर्चाने!). चिखल वेगळा काढून वाळू शेजारच्या झिजलेल्या पुळणीवर पसरावी. फक्त नोव्हेंबर ते मार्च या काळात कासवांच्या विणीची जागा सोडावी.

– एक वाचक, दापोली