‘उबदार जागी ठेवा’ हे वाक्य दुरुस्त करावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरी बिअर कशी करतात यावर पानभर लेख आला होता. माल्ट (मोड आणून वाळवलेले जव) आणि हॉप्स (कडवटपणा देणारी फुले) यांची माहिती त्यात नीट दिली होती. पण यीस्ट घातल्यानंतर बादली ‘इडलीच्या पिठासारखी उबदार जागी’ ठेवावी, असे एक वाक्य त्यात आहे. ते साफ चुकीचे आहे. नवख्या माणसाची पहिली बिअर त्याच एका वाक्यापायी बिघडते, आणि पुढे काचेच्या बाटल्या फुटण्यापर्यंत मजल जाते. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे, म्हणून लिहायला बसले.

मी ३१ वर्षे पुण्यातल्या एका महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात प्रयोगशाळा सहायक होते. इन्क्युबेटरचे तापमान सकाळ-संध्याकाळ वहीत टिपायचे, कल्चर जपायची, काचसामान निर्जंतुक करायचे, हे माझे काम. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, आम्ही त्याला एनसीआयएम म्हणायचो. तिथून यीस्टची कापसाचा बोळा लावलेली नळी पर्समध्ये उभी धरून पीएमटीच्या बसने आणल्याचे मला अजून आठवते. आमची मुले मळीवर यीस्ट सोडून अल्कोहोलची टक्केवारी काढायची. तेव्हा यीस्ट हा माझ्या रोजच्या ओळखीतला जीव आहे.

मागच्या वर्षी मे महिन्यात मी भाच्याच्या बायकोच्या बाळंतपणासाठी टेक्सासमधल्या ऑस्टिनला गेले. माझी बहीण आता नाही, आजीच्या जागी मीच. भाच्याने त्याच सुमारास आयुष्यातली पहिली बिअर लावली होती. तिकडे हे कायदेशीर आहे. १९७८ मध्ये जिमी कार्टर यांनी कायद्यातल्या बदलावर सही केली आणि १९७९ पासून एकट्या प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३७८ लिटर बिअर स्वतःपुरती करता येते. विकता मात्र येत नाही.

भाच्याने माल्ट-हॉप्सचा १९ लिटर काढा उकळला आणि घाईघाईने निववला. बाहेरून हात लावून ‘कोमट आहे’ म्हणत त्यात यीस्ट घातले. ‘उबदार जागा’ म्हणून बादली कपड्यांच्या कपाटात ठेवली. एसीची हवा तिथे पोचत नव्हती, कपाटात २७ अंश असावेत. दुसऱ्या दिवशी दुपारी फेस झाकणातल्या एअरलॉकमधून (आतला वायू बाहेर सोडणाऱ्या, पण हवा आत न घेणाऱ्या नळीतून) वर आला, एअरलॉक तुंबला आणि तपकिरी चिकट पाणी कपाटाच्या फळीवरून खाली टपकू लागले. तो खूश होता. “मावशी, बघ कसली जोरात चालली आहे!” मी वास घेतला आणि माझा जीव खाली-वर झाला. प्रयोगशाळेत इथाइल अ‍ॅसिटेटची बाटली उघडल्यावर जो वास नाकात चढतो, नेलपॉलिश पुसायच्या द्रावणाचा, तोच तो. त्यामागे पिकून काळ्या पडलेल्या केळ्याचा.

बादलीत त्या वेळी काय होत असते ते त्या लेखात यायला हवे होते. यीस्ट साखर खाते तेव्हा उष्णता बाहेर टाकते. त्यामुळे पहिल्या दोन-तीन दिवसांत बादलीच्या आतले तापमान खोलीपेक्षा सहज ३ ते ५ अंशांनी वर असते. कपाटात २७ असेल तर आत ३० च्या वर. याच दिवसांत यीस्टची संख्या झपाट्याने वाढत असते, आणि त्या वाढीत उष्णतेची भर पडली की घशाला चरचरणारी जड अल्कोहोले आणि तो थिनरसारखा वास तयार होतो. ही अल्कोहोले एकदा झाली की नंतर महिनाभर बाटली ठेवली तरी ती जात नाहीत. साध्या एल जातीच्या (घरी सहसा करतात त्या) बिअरला आतून १८ ते २० अंश लागतात. खोलीचे नव्हे, बादलीतल्या द्रवाचे.

इडलीचे पीठ आणि हे यांची सांगड घालणेच चूक आहे. इडलीच्या पिठात मुख्यतः ल्यूकोनोस्टॉकसारखे जिवाणू काम करतात. त्यांना ३० अंशांच्या आसपासची ऊब मानवते, आणि आपले काम एका रात्रीत उरकते. आंबटपणा आपल्याला हवाच असतो. बिअरचे काम दोन आठवड्यांचे आहे, आणि त्यात आंबटपणा आला तर सगळी बादली मोरीत ओतावी लागते. बव्हेरियात १५५३ साली २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या उन्हाळी महिन्यांत बिअर करायलाच बंदी घातली गेली होती. यीस्ट म्हणजे काय हे तेव्हा कोणाला माहीत नव्हते, तरी उन्हाळ्यात बिअर नासते हे अनुभवाने ठाऊक होते. पुढे १८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडे यांनी यांत्रिक शीतकरण उभे केले, त्याला म्युनिकच्या बिअर कारखान्याचे पाठबळ होते. थंडाव्यासाठी या धंद्याने इतका आटापिटा केला, आणि आपण पुणेकरांना उबदार जागा शोधायला सांगतो आहोत.

पुढचा भाग सांगायला मला आजही जड जाते. मी ‘फार तापले आहे’ म्हटल्यावर भाचा घाबरला आणि त्याने बादली उचलून रात्रभर एसीच्या झोताखाली ठेवली. तापलेल्या यीस्टला असा एकदम गारठा बसला की ते काम अर्धवट टाकून तळाशी बसते. बुडबुडे थांबले. बुडबुडे थांबले म्हणजे झाले, असे त्याने धरले. आपल्या लेखातही ‘बुडबुडे थांबल्यावर बाटल्या भरा’ असेच छापले आहे. हायड्रोमीटर (द्रवातली साखर सरते तसा ज्याचा आकडा उतरतो ते तरंगते काचेचे माप) घरात होता, पण खोक्यातून काढलेला नव्हता, आणि मी बाळाच्या अंघोळी-मालिशीत होते. सहाव्या दिवशी त्याने साखर घालून बाटल्या भरल्या आणि त्याच कपाटात ठेवल्या.

नवव्या रात्री, दोनच्या सुमारास, पहिली बाटली फुटली. पाठोपाठ आणखी दोन. कपाट बाळाच्या खोलीला लागून होते. सकाळी दार उघडले तेव्हा बोटाच्या पेराएवढा काचेचा तुकडा दाराच्या लाकडात आतल्या बाजूने रुतलेला होता. बाळ पलीकडे झोपलेले. त्या दाराला कोणी रात्री हात लावला असता तर, हा विचार मी अजून पुरता करू शकत नाही.

उरलेल्या बाटल्या आम्ही हातमोजे घालून, तोंडावर जाड टॉवेल धरून एकेक उघडल्या. मग मी हायड्रोमीटर बुडवला. हलवून वायू काढल्यावरही १.०१६ दाखवत होता. ती बिअर १.०११ च्या आसपास थांबायला हवी होती, म्हणजे खाण्याजोगी साखर अजून शिल्लक होती आणि यीस्ट बाटलीत कपाटाच्या उबेने जागे होऊन ती खात होते. हायड्रोमीटरचा एक अंक, म्हणजे १.०१२ वरून १.०११, एवढ्या उतरणीत बिअरच्या घनफळाच्या निम्म्याएवढा कार्बन डायऑक्साइड तयार होतो. बंद बाटलीत त्याला जायला वाट नसते. साध्या बाटलीत बिअरच्या घनफळाच्या अडीच पट वायू ठीक असतो, सहा पट झाला की काच टिकत नाही.

दुसरी बिअर मात्र मी त्याच्याकडून वहीत नोंदी ठेवून करून घेतली. काढा १८ अंशांपर्यंत निवल्याशिवाय यीस्टचे पाकीट फोडायचे नाही, हा पहिला नियम. नंतर बादली न्हाणीघरातल्या टबमध्ये ठेवली, निम्म्या उंचीपर्यंत पाणी भरले, आणि तिच्याभोवती जुना सुती टॉवेल असा गुंडाळला की त्याचे टोक पाण्यात राहील. आपण चैत्रात माठाला ओले फडके लावतो तेच हे. पाणी टॉवेलमधून वर चढते, वाळते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. समोर टेबलफॅन. एवढे करूनही दुसऱ्या दिवशी बादलीवर चिकटवलेल्या तापमानपट्टीत २१ दिसले, तेव्हा फ्रीजरमध्ये गोठवलेल्या अर्ध्या लिटरच्या चार बाटल्या टबात सोडल्या. सकाळी चार, रात्री चार, असे तीन दिवस. पट्टी १८-१९ वर राहिली. फेसाचा थर दोन बोटे जाड आणि सायीसारखा पांढरा, वास ताज्या पावाचा.

पाचव्या दिवशी फेस बसू लागला तेव्हा बर्फ बंद करून तापमान सावकाश २१ पर्यंत चढू दिले. हे मुद्दाम. सुरुवातीच्या धावपळीत यीस्टने टाकलेला लोण्याचा आणि कच्च्या सफरचंदाचा वास ते स्वतःच या दिवसांत निस्तरते, फक्त त्याला हाकलून बाटल्या भरायला बसायचे नाही. भाचा रोज विचारायचा, “मावशी, आता भरू?” मी रोज नाही म्हणायची. सुरुवातीचे माप १.०५० होते. बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या दिवशी १.०१२ आले, तिन्ही दिवस तेच. तेव्हा भरायला हो म्हटले. १८ लिटरला ११० ग्रॅम साखर, कपभर पाण्यात उकळून, सगळ्या बिअरमध्ये हलक्या हाताने सारखी मिसळून. बाटलीत चमच्याने घातली की एकीत जास्त, एकीत कमी पडते. बाटल्या झाकणाच्या जाड प्लॅस्टिकच्या पेटीत, बाळापासून लांब, गॅरेजमध्ये. एकही फुटली नाही.

आता पुण्याचे. आपल्याकडे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ लागू आहे आणि परवान्याशिवाय घरी बिअर करणे हा गुन्हा आहे. शहरातल्या मायक्रोब्रुअरी परवाना घेऊन चालतात. लेखात याचा एका शब्दाने उल्लेख नव्हता, तो पहिल्याच परिच्छेदात हवा होता. एखादा विशीतला मुलगा पुरवणी वाचून कोथरूडच्या फ्लॅटमध्ये बादली लावेल आणि अडचणीत येईल, ही जबाबदारी छापणाऱ्याची आहे. मात्र परदेशात मुले-भाचे असलेली घरे आपल्या वाचकांत पुष्कळ आहेत, लेखाचे कात्रण त्यांच्याकडे फोनवरून जाते, म्हणून तापमानाचा मुद्दाही मला तितकाच महत्त्वाचा वाटतो. शिवाय हल्ली आपल्याकडे हौसेने आल्याचे फसफसते पेय आणि कोंबुचा (आंबवलेला चहा) घरी करतात. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये, ३८-३९ अंशांत, घट्ट बुचाच्या काचेच्या बाटलीत ती ओट्यावर ठेवलेली मी शेजारी पाहिली आहेत. दाबाचा हिशोब तिथेही तोच आहे. अशी बाटली फसफसली की लगेच फ्रीजमध्ये गेली पाहिजे, आणि मुलांच्या हाताशी तर मुळीच नको.

माझी विनंती एवढीच की येत्या रविवारी, त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरांत दुरुस्ती छापावी: ‘उबदार जागी’ ऐवजी ‘बादलीतले तापमान १८ ते २० अंश राहील अशा थंड जागी’, आणि ‘बुडबुडे थांबल्यावर बाटल्या भरा’ ऐवजी ‘हायड्रोमीटरचे माप लागोपाठ तीन दिवस तेच आल्यावर’. सोबत माझ्या वहीतल्या त्या चौदा दिवसांच्या नोंदींची प्रत जोडली आहे, लेखकांना उपयोगी पडेल.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक
कोथरूड, पुणे