ग्लायडर ड्रोन नाही, पोरांना सकाळी मैदान द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सुट्टी लागली की पोरांनी मोबाईल सोडावा असं सगळेच म्हणतात, पण सोडून करायचं काय ते कोणी सांगत नाही. आमच्या कॉलनीतली सातवी-आठवीची पोरं फोमचं रेडिओ कंट्रोल ग्लायडर स्वतःच्या हाताने बनवतात आणि उडवायला गेली की मैदानातून हाकलली जातात, का तर म्हणे ड्रोनला बंदी आहे. अहो त्याला कॅमेरा नाही, मोटर नाही, पंखा नाही. हाताने फेकायचं आणि ते तरंगत तरंगत खाली येतं, रिमोटने हलतात त्या शेपटीच्या दोन पट्ट्या, डावं-उजवं वळवायला रडर आणि नाक वर-खाली करायला एलिव्हेटर, बस.

हे बनवताना पोरं जे शिकतात ते बघायला एकदा तरी या. पंख मीटरभर लांब, आतून कार्बनची नळी नाहीतर बांबूची कामटी घालावी लागते नाहीतर पंख मधेच मोडतो. थर्माकोलला फेविक्विक लावलं की तो विरघळून खड्डा पडतो, मग का विरघळला हा प्रश्न पोरंच विचारतात, कोणाला शिकवावं लागत नाही. शेपटीची पट्टी हलायला वेगळी बिजागरी नसते, फोम अर्धाच कापायचा आणि वरून चिकटपट्टी मारायची. पट्ट्या हलवायला 9 ग्रॅमची दोन चिमुकली यंत्रं म्हणजे सर्वो, रिमोटचा सिग्नल पकडायला एक रिसीव्हर आणि नाकात चार बारके चार्जिंगचे सेल. सेल नाकातच का, तर तोल. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या साधारण 30 टक्क्यांवर खालून दोन बोटं टेकवायची आणि विमान तोलून धरायचं, नाक किंचित झुकलं की बरोबर, शेपूट खाली गेली की नाकात एखादा नट वाढवायचा. तो एवढासा नट सरकवला की तेच विमान आपटायचं थांबून सरळ जातं, तेव्हा पोरांचे चेहरे बघण्यासारखे असतात!

उडवणं त्याहून अवघड. विमान आपल्याकडे तोंड करून यायला लागलं की डावं-उजवं उलटं होतं आणि पोरं गडबडतात. त्याला सोपा उपाय आहे, जो पंख खाली झुकलाय त्याच बाजूला रिमोटची काडी ढकलायची. फेकतानाही आभाळाकडे नाही फेकायचं, समोर सरळ फेकायचं, नाहीतर वेग संपतो, स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल सुटते, आणि नाकावर येतं. सकाळी वारा पडलेला असतो तेव्हा हे शिकायचं. ऊन तापलं की जमिनीवरची गरम हवा वर उठते, घारी पंख न हलवता गोल फिरतात ना, तिथेच नेऊन ग्लायडर घातलं तर खाली यायच्या ऐवजी वर जातं. डोंगराच्या ज्या अंगाला वारा धडकतो तिथेही उचल मिळते, पण पलीकडच्या अंगाला तोच वारा खाली दाबतो, तिकडे अजिबात न्यायचं नाही.

आता कायद्याचं. ह्याला ड्रोन धरलं तरी 2021 च्या ड्रोन नियमात 250 ग्रॅमपर्यंतच्या, म्हणजे नॅनो गटातल्या ड्रोनला रिमोट पायलट लायसन्स लागत नाही आणि ग्रीन झोनमध्ये, म्हणजे नकाशावर उडवायला मोकळ्या दाखवलेल्या भागात, 400 फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. आमची ग्लायडरं नीट बांधली तर 200 ग्रॅमच्या आसपास बसतात. विमानतळ, लष्करी भाग जवळ असेल तर तिथे उडवायचंच नाही, सरकारच्या डिजिटल स्काय वेबसाइटवरचा नकाशा उघडून आधी झोन बघायचा, हे आम्ही पोरांना पहिल्यांदा शिकवतो. एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग, म्हणजे छोटी विमानं बनवून उडवणं, असतं, पुण्यात हडपसरला ग्लायडिंग सेंटर आहे, म्हणजे आपल्याकडे हे काही नवीन खूळ नाही.

खर्चाचं म्हणाल तर रिमोट तेवढा महाग, पण एकाच रिमोटवर आळीपाळीने दहा पोरं शिकतात, प्रत्येकाचं विमान वेगळं, म्हणून शाळेने एक सेट घेतला तरी पुरतो.

तर नगरपालिकेला आणि शाळांना आपल्या पेपरमधून सांगणं आहे की सुट्टीत निदान रविवारी सकाळी सात ते नऊ एक मैदान ह्या पोरांना द्या, त्या वेळात तिथे क्रिकेट नको कारण डोक्यावर पडायला नको, आणि रखवालदाराला तसं लेखी सांगून ठेवा. शिकवायला आम्ही तीन-चार जण फुकट येतो, कापायचे कटर आणि ग्लू गन आमचे.

आपला,
एक वाचक, सातारा